एकाच नावाच्या साठ फाइली

शिरूरच्या छोट्या ऑफिसात मी नकाशे करते. मांडवगण फराट्याचा एक रस्ता रुंद होणार होता. रस्त्याची रेघ दौंडच्या ऑफिसने आखून पाठवलेली. शेतं, बांध, विहिरी आमच्या जुन्या गावनकाशातून घेतलेल्या. दोन्ही एकावर एक ठेवले तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, आबांची, विहीर बरोबर रस्त्याच्या मधोमध आली.

आबा अर्ज घेऊन दोनदा आले. "ताई, रस्ता कुठं आन् माझी हीर कुठं! मधी आख्खं वावर हाय. हिरीवरची चिंच आज्यानं लावल्याली, तिच्या सावलीला तीन पिढ्या जेवल्या." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते स्क्रीनकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले, आणि मला त्याचाही राग आला.

राग दौंडवर काढायचा होता, पण आधी पुरावा हवा. पृथ्वी गोल, स्क्रीन सपाट. गोलाचं सपाट करायची जी रीत वापरली तिला आम्ही प्रोजेक्शन म्हणतो, आणि ती प्रत्येक फाइलसोबत लिहिलेली असते. दोन फाइलींची रीत वेगळी निघाली की एकच जागा दोन ठिकाणी दिसते. दौंडच्या नि आमच्या मिळून फाइली साठ. एकेक उघडत बसले असते तर तिथंच म्हातारी झाले असते. म्हणून दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: फाइल उघड, प्रोजेक्शनचं नाव वाच, छाप. मेली आधी एका कंसावरून अडली, मग एका फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागेवरून. डबा तसाच राहिला. शेवटी एकदाची चालली, तर साठच्या साठ ओळींत एकच नाव! म्हणजे सगळं जुळतंय. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

दौंडच्या सहकाऱ्याला फोन लावला. "म्याडम, आमची रेघ बरोबर हाय. तुमचंच बघा काय ते," तो म्हणाला. मी फोन आपटला आणि आबांना निरोप धाडला, की नकाशा तपासलाय, विहीर जाणार.

पंधरवड्याने मोजणीसाठी जीपीएसचं यंत्र घेऊन आबांच्या शेतावर गेले. आबा गावात गेले होते. विहिरीजवळ ताजी लाकडं रचून ठेवलेली दिसली. यंत्राच्या नादात मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. कठड्यावर यंत्र ठेवून आकडे घेतले आणि ऑफिसात येऊन नकाशावर टाकले. ठिपका नकाशातल्या विहिरीपासून चांगला एक वावर लांब पडला. आबा बोलले होते तेवढाच.

मग जुनं फोल्डर उपसलं, आणि माझीच दोन वर्षांपूर्वीची एक स्क्रिप्ट सापडली. गावनकाशे उघडले की दरवेळी 'प्रोजेक्शन माहीत नाही' अशी चौकट यायची. तिला वैतागून मी सगळ्या फाइलींवर एकच नाव लिहून टाकलं होतं. आतले आकडे जुन्या रीतीचेच राहिले. मिठाच्या बरणीवर साखरेची चिठ्ठी लावावी, तसलं काम. आमच्यात हे बरेच जण करतात, कबूल कोणी करत नाही. आणि पंधरवड्यापूर्वी मी त्याच चिठ्ठ्या मोठ्या ऐटीत वाचून दौंडवाल्याशी भांडले. काखेत कळसा नि गावाला वळसा. स्वतःचीच इतकी चीड आली की मशीन बंद करून नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांना सांगायला गेले. विहीर सुटली, चूक माझी होती, असं सरळ म्हणाले.

"मंग चिंच उगंच तोडली म्हना," ते हळूच म्हणाले. "तुमचा निरोप आला तवा तोडली. मशीननं पाडायच्या आधी म्हटलं आपल्याच हातानं पाडावी."

मी त्या रचलेल्या लाकडांकडे बघितलं. त्यांनाच माझी दया आली असावी.

"बसा की सावलीला, ताई," ते सवयीने म्हणाले. मग आम्ही दोघंही उन्हातच उभे राहिलो.