कागदावर नसलेल्या अकरा ओळी

मंगळवार, २२ नोव्हेंबर १९९४. जासई, कंटेनर यार्डाचं ऑफिस, सकाळी साडेदहा. हजर : यार्डाचे मॅनेजर, गेटवरचा क्लार्क, माझा भागीदार, मी.

माझ्या त्या वर्षीच्या वहीतली ही नोंद. बैठकीला कोण होतं ते आधी लिहायची मला सवय आहे. नंतर कुणी "मी नव्हतोच" म्हणू नये.

आमचं ऑफिस पनवेलला, भागीदाराच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. एका कॉम्प्युटरला आठ टर्मिनलं, म्हणजे आठ पडदे आणि कीबोर्ड, जोडणारं कार्ड आम्ही बनवायचो आणि ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचो. ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालतो. तिथे त्याला मेमरीत कुठेही लिहायची मुभा असते. वापरणाऱ्याचा प्रोग्राम त्याला एक पत्ता देतो : आलेली अक्षरं इथे ठेव. तो पत्ता त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या हद्दीतला आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर नकार द्यायचा. फार तर तो एक प्रोग्राम बंद पडेल. न बघता लिहिलं तर कर्नलच्याच जागेवर लिहिलं जातं आणि आठही पडदे एकदम मरतात. यार्डात ट्रकवाला चिठ्ठी दाखवतो, अमुक प्लॉट. प्लॉट त्याच्या पार्टीचा आहे का हे न बघता कंटेनर उतरवला तर तो दुसऱ्याच्या मालावर बसणार. तितकंच.

हे बघणारं फंक्शन मी लिहिलं होतं, अकरा ओळींचं. सुरुवातीचा पत्ता, लांबी, दोन्हींची बेरीज हद्दीबाहेर जाते का, सगळं त्यात होतं.

माल देण्याआधी आम्ही वाचन करायचो. प्रिंटआउट भागीदाराच्या हातात, तो मोठ्याने वाचणार. यादी माझ्या हातात, मी ऐकून लाल पेनने टिक करणार. पडद्यावर डोळा चुकांवरून घसरतो, कान घसरत नाही, असं माझंच म्हणणं होतं. पद्धतही मीच घातलेली. एकोणीस मुद्दे, एकोणीस टिका, खाली माझी सही. तो म्हणायचा, "यादीबाई, नैवेद्य दाखवल्यावर पण टिक करतेस का गं?"

सोमवारी दुपारी आमचं कार्ड घातलेलं यार्डातलं मशीन बंद पडलं. आठही पडदे काळे, ट्रक पार उरणच्या रस्त्यापर्यंत उभे. गेटवरच्या क्लार्कने ट्रकचा नंबर टाकताना एक आकडा जास्त दाबला होता. चाळिशीचा माणूस, जासईचाच. जमीन बंदराच्या कामात गेली, त्या बदल्यात ही नोकरी, आणि ती अजून कायम झालेली नव्हती. मंगळवारची बैठक त्यासाठीच होती : चूक कुणाची.

भागीदार म्हणाला, "साहेब, ऑपरेटरची चूक आहे. आमची बाजू पूर्ण तपासलेली आहे. मॅडमची सही आहे."

मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. मी यादी पुढे सरकवली. "मुद्दा सात, पत्त्याची तपासणी. झालेली आहे."

क्लार्कला कुणी बस म्हटलं नव्हतं. "मॅडम, आकडा जास्त पडला, नाय म्हनत नाय मी. पन एका आकड्यानं सगलीच्या सगली मशीन मरते काय?"

"एवढं कळत असतं तर तूच नसती का बनवली?" भागीदार म्हणाला. मॅनेजर हसले. रिपोर्टवर 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं गेलं आणि मी खाली सही केली.

भागीदार पुढे उरणला गेला. मी एसटीने पनवेलला परतले. वाटेत त्या माणसाचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो बरोबर होता. मुद्दा सात जागेवर असता तर हद्दीबाहेर पडणारा तो जास्तीचा आकडा तिथेच अडला असता आणि फक्त त्याचा पडदा गेला असता.

ऑफिसात येऊन फाइल काढली. पान चौदा. फंक्शनचं नाव, आणि खाली दोनच ओळी : काहीही न बघता 'ठीक आहे' असं उत्तर परत दे. बस्स.

मी पान उलटून बघितलं, पुढचं-मागचं पाहिलं. वाचनाचा दिवस मला स्वच्छ आठवत होता. अकराच्या अकरा ओळी मी कानांनी ऐकल्या होत्या. बेरजेच्या ओळीवर तो थांबला होता, म्हणाला होता, "ही खास तुझी." तेव्हा त्याच्या हातात हाच कागद होता. माझं फंक्शन त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याने ते म्हणून दाखवलं होतं.

संध्याकाळी तो आला. बूट काढत होता.

"पान चौदा," मी म्हटलं.

त्याने फाइलकडे बघितलंही नाही. "डेमोत अक्षरं अडखळत होती. दर अक्षराला ती तपासणी. मॅनेजर डोक्यावर उभे. काढली. परत घालणार होतो."

"मग वाचलीस कशाला?"

"नसती वाचली तर सही दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

"अरे, त्या माणसाची नोकरी आहे."

"आणि टिक कुणाची आहे? मी कुठे सही केलीय, दाखव."

खरंच कुठे नव्हती. इतक्या वर्षांत एकाही यादीवर नव्हती. मीच कधी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी यादी केली. एक : फंक्शन परत घालणे. दोन : मुद्दाम चुकीचे पत्ते देऊन बघणे; शून्य, हद्दीच्या एक पुढचा, आणि लांबी मिळवल्यावर ज्याची बेरीज मावेनाशी होऊन पुन्हा शून्याकडे येते तो. तीन : नवी फ्लॉपी जासईला बसवणे. चार : मॅनेजरना पत्र, दोष आमचा, क्लार्कचा नाही.

पहिली तीन शुक्रवारपर्यंत झाली. फ्लॉपी बसवायला गेले तेव्हा गेटवर दुसराच कुणी बसला होता. क्लार्क यार्डात उन्हात कंटेनरांच्या दारांवरची सिलं बघत होता. मला बघून जवळ आला. "मॅडम, गावलं काय? कशानं मेली ती?"

"बघतेय," मी म्हटलं. तेव्हा मला कळून तीन दिवस झाले होते.

पत्र मी टाइप केलं, दोन सह्यांची जागा ठेवून. भागीदार रोज "उद्या" म्हणायचा. एकटीच्या सहीने पाठवता आलं असतं. पण मॅनेजर यादी काढणार, मुद्दा सातवर बोट ठेवणार, आणि ती टिक माझी होती. फेब्रुवारीत मी भागीदारी सोडली. क्लार्कला कायम केलं नाही हे नंतर मॅनेजरांकडूनच कळलं. सांगताना ते म्हणाले, "तुमच्या रिपोर्टमुळे सोपं गेलं."

ती चार ओळींची यादी अजून फाइलमध्ये आहे, पत्राला पिनने लावलेली. पत्रावर आता वेगळं नाव घालायला हवं, मॅनेजरांचं नको, क्लार्कचं. त्याचं घर जासईला शाळेच्या मागे, असं वहीत लिहून ठेवलं आहे. पहिल्या तीन ओळींसमोर लाल टिका आहेत. चौथीसमोर काही नाही.