जावेची पपई

माझ्या धाकट्या जावेने चौथ्या महिन्यात ओट्याशी उभी राहून पपई खाल्ली, वर तिखटमीठ लावून. सासूबाई हसून म्हणाल्या, "डोहाळं लागल्यात, खाऊ द्या तिला." मी भाकरी भाजत होते. ती करपली.

माझा पहिला गर्भ पडला तेव्हा याच घरात खापर पपईवर फुटलं होतं. कुणाच्या तरी लग्नात खाल्लेली एक फोड. दुसऱ्या वेळी हंडा उचलला म्हणून. तिसऱ्या वेळी नेवाशाहून नगरला एसटीने गेले, रस्त्याला खड्डे, म्हणून. जाऊ त्याच रस्त्याने स्कूटीवर शाळेत शिकवायला जायची आणि येताना पायाशी पाण्याचा जार ठेवून आणायची. तिला सगळं माफ. मी जळत होते, खोटं कशाला सांगू? तिचं वाईट व्हावं असं कधी मनात आलं नाही, पण ती जिना धडधडत उतरली की मी हातातलं काम सोडून तिच्या पायांकडे बघत राहायचे.

नगरच्या डॉक्टर बाईंनी पपई, हंडा, खड्डे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यातल्या कशानेही नाही." सुरुवातीला पडणाऱ्या बऱ्याच गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच मुळात चुकलेली असते, त्यात आईने काही केलेलं नसतं. पण तीनदा झालंय तर तपासायचं. रक्त गोठण्यात काही दोष आहे का, थायरॉइड, साखर, पिशवीचा आकार, आणि दोघांची गुणसूत्रं. दोघांची म्हटल्यावर घरी सासूबाई चमकल्या. "त्याचं रगत कशापायी? त्याला काय झालंय?" दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन नवऱ्याने बाही वर केली.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवर पाथर्डीकडची एक बाई रडत होती. तिच्या रक्तात गाठी होण्याचा दोष निघाला होता. आता दिवस गेले की रोज पोटात इंजेक्शन. मला तिचाही हेवा वाटला. तिला कारण मिळालं होतं, त्यावर औषध होतं. माझे सगळे रिपोर्ट चांगले आले.

"कारण सापडलं नाही ही वाईट बातमी नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "निम्म्या बायकांमध्ये सापडतच नाही. आणि तुमच्यासारख्यांपैकी बहुतेकींचं पुढचं बाळ नीट होतं." नवरा इतका खूश झाला की बाहेर येऊन त्याने दोन चहा आणि भेळ सांगितली. मी माझी भेळ त्याच्या पुढ्यात सरकवली.

जावेच्या डोहाळजेवणाला मला परत दिवस गेले होते. दुसरा महिना. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, कारण आमच्याकडे तीन महिने झाल्याशिवाय बोलायचं नसतं. ओटी भरायची वेळ आली तशा सासूबाई आत येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू पुऱ्यांकडं बघ गं. लई मानसं हायेत." पुऱ्यांकडे बघायला आचारी होता. ज्या बाईला टिकत नाही तिच्या हातची ओटी घेत नाहीत, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक होतं. मी पुऱ्या लाटल्या.

ओटी झाल्यावर जाऊ फुलांच्या दागिन्यांसकट आत आली. "ताई, गरम द्या ना एक. बाहेर नुसते फोटो काढतायत." उभ्या उभ्या चार पुऱ्या खाल्ल्या, हात माझ्याच पदराला पुसले आणि मोरीशेजारच्या बाथरूममध्ये गेली. गाणं गुणगुणत गेली, गुणगुणतच बाहेर आली.

मग मी गेले. कडी लावली, दिवा लावला. सकाळपासून दर वेळी बघत होते तसं कपड्यावर रक्ताचा डाग नाही ना ते बघितलं. नव्हता. तरी परत उजेडात धरून बघितलं. आता पोट मलाही होतं, तिच्या पोटाचा हेवा उरला नव्हता. ती आत जाऊन काही न बघता बाहेर येते, एवढ्याचाच मला हेवा वाटत होता.