भूतमावशीला मिळालेली भेट

भयकथांच्या मेळाव्यातले वाचक तिला भूतमावशी म्हणत. नोकरी मात्र पुरातत्त्व खात्यात, उत्खननाची. वर्षभर ब्रशने माती झाडायची आणि सुट्टीत भुतांच्या गोष्टी लिहायच्या. त्या दिवशी भाषण झाल्यावर सह्यांच्या रांगेतून एक दाढीवाला वाचक पुढे आला. त्याने रुमालाची गाठ सोडून टेबलावर मातीचं इवलंसं झाकण ठेवलं.

"मावशी, खास तुमच्यासाठी! कथेत लिहिलंय ना, पडक्या विहिरीमागचा चर? बरोब्बर तिथेच सापडलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कथेतलं भूत खोटं होतं, पण चर खराच होता, तिच्याच उत्खननातला. त्यात एका लहान मुलाचं दफन अर्धंच उकरून झालं होतं.

"चरात कुठे होतं? हाडांच्या उशाशी की पायाशी?"

"तेवढं कोण बघतंय, मावशी! घाईत उचललं."

"मग हे नुसतं खापर झालं, गाढवा! जागेवर असतं तर त्या पोराला कुणी काय देऊन निरोप दिला, ते कळलं असतं. आता कधीच कळायचं नाही."

रांगेतून कुणीतरी हसत विचारलं, "आता याला भूत लागणार का हो?"

"लागत नाही ना कुणाला!" ती कडाडली. "लागत असतं तर कुणाची हात घालायची छाती झाली असती?"

दाढीवाल्याने सहीसाठी पुस्तक हळूच पुढे सरकवलं. तिने विहिरीचं वाक्य शोधलं आणि पान फाटेपर्यंत खोडलं. मग शेजारच्या विक्रीच्या गठ्ठ्यातलं दुसरं पुस्तक ओढून उघडलं आणि त्यातही तेच वाक्य शोधू लागली.