पाणी कुठं गार हाय?

"पाणी कुठं गार हाय? उतरा की, सर."

गुडघाभर पाण्यात उभे राहून अण्णा हे म्हणायचे, आणि काठावर आम्ही पँट दुमडण्यातच वेळ काढायचो. उचगावच्या बाजूला एक तळं आहे. रविवारी टिळकवाडीतले आम्ही पाच-सहा जण तिथे गळ टाकून बसतो. रोहू नाहीतर कटला लागला की फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, एवढाच आमचा पराक्रम. अण्णा त्या तळ्याचे राखणदार.

पौषात मासा सुस्त होतो. त्या दिवसांत काठाची डागडुजी चालते. जलपर्णी ओढून काढायची, ढासळलेल्या जागी बांबूचे खुंट ठोकायचे, त्यांच्यात कामट्या विणायच्या आणि मागे दगडमाती भरायची. खुंट पाण्यात उतरून ठोकावे लागतात. ते काम कुणी न सांगता अण्णांकडे जायचं.

उमेदीची वर्षं त्यांनी खानापूरला लाकडाच्या वखारीत काढली होती. त्यामुळे त्यांचा शब्द आम्हाला प्रमाण. खुंट ठोकण्याआधी ते वाकून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तळ चाचपायचे. मी एकदा म्हटलं, "पायानंच बघा की."

"पायाला काय कळतंय? हातानंच बघावं लागतंय."

यात काहीतरी कसब असणार असं समजून मी मान डोलावली. मी शाळामास्तर, मान डोलावण्यात तरबेज.

त्यांची आणखी एक गंमत होती. चालता चालता एक चप्पल मागे राहायची आणि ते तसेच पुढे जायचे. आम्ही ओरडायचो, "अण्णा, गाडीचं चाक निखळलं." ते मागे बघून म्हणायचे, "व्हय की." आम्ही पोटभर हसायचो. तुम्हीही हसला असता.

गेल्या पौषात चहासाठी ते वर आले, तेव्हा कोरड्या दगडांवर त्यांच्या डाव्या पावलाचे तांबडे ठसे उमटत होते.

"अण्णा, रक्त."

त्यांनी मागे वळून पाहिलं. "कुणाचं?"

तळव्यात बोटभर लांब कामटी घुसली होती. दुसऱ्याच्या पायातली काढावी तशी त्यांनी ती उपसली, रुमाल बांधला, चहा प्यायले आणि पुन्हा पाण्यात उतरले. आम्ही उतरू दिलं. दोनच खुंट राहिले होते.

शुगर जुनीच होती. पायांची जाणीव कधीच गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. आधी अंगठा काढला, मग पाऊल. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. खरं सांगतो, आत काही हलत नव्हतं.

तेच म्हणाले, "मला वाटायचं, तुमीच नाजूक. शाळंतली माणसं."

आणि आम्हाला वाटायचं, अण्णाच काटक.

पाडव्याच्या आधी अण्णा गेले. तेव्हाही मला रडू आलं नाही. मी वर्गावर गेलो, हजेरी घेतली.

या पौषात काठ पुन्हा एका जागी ढासळला. खुंट, कामट्या सगळं आणलं आणि सगळे पँट दुमडत उभे राहिले. मग मीच उतरलो. पाणी सुरीसारखं लागलं. दुसऱ्या खुंटापर्यंत पाय आपले वाटेनात.

काठावरून कुणीतरी विचारलं, "गार हाय काय, सर?"

"लई," मी म्हणालो. वर आलो, दगडावर बसलो आणि पायांचे दोन्ही तळवे उलटे करून, कुठं काही घुसलंय का ते पाहिलं. मग बाकीच्यांना म्हटलं, "तुम्हीपण दाखवा."