वर्षभर हात न लागलेल्या वस्तू

बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात मी स्टोअरकीपर आहे. तिथली मेकॅनिक मंडळी मला 'नाहीये' म्हणतात. खिडकीशी येऊन कुणी काहीही मागितलं की माझ्या तोंडून आधी 'नाहीये' निघतं आणि मग मी उठून तीच वस्तू रॅकवरून काढून देतो, म्हणून हे नाव. नवे साहेब आले तेव्हा त्यांना बरेच दिवस ते माझं आडनावच वाटत होतं.

स्टोअरमध्ये माझा दरारा आहे. खिडकीवर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी आहे: 'येथील वस्तू हलवू नये. हलवायची असल्यास आधी सांगावे.' दिवे गेले तरी मी अंधारात रॅकमध्ये हात घालून हवं ते बेअरिंग काढून आणतो. ही शेखी मी कुणाकुणापुढे मिरवली आहे ते विचारू नका. लग्न ठरवायला आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही मी हेच सांगितलं होतं आणि तरीही त्यांनी मुलगी दिली.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. 'कधीतरी लागेल' एवढ्या दोन शब्दांवर मी घर भरलं. बंद पडलेलं वॉशिंग मशीन होतं, पण त्याची मोटर चांगली होती. पत्र्याची ट्रंक होती, तिची किल्ली हरवल्यामुळे आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि म्हणूनच ती टाकवत नव्हती. एक हात तुटलेली खुर्ची होती. वर्तमानपत्रांचे कमरेएवढे गठ्ठे होते, कारण त्यात एक लेख मला वाचायचा होता. बैठकीच्या खोलीच्या भिंती भरल्या तशी ही मंडळी खोलीच्या मधोमध रांगेत येऊन उभी राहिली. बायको या खोलीला 'शाखा क्रमांक दोन' म्हणायची. पाहुणे पोट आत घेऊन चालायचे.

या खोलीच्या एका टोकाला अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची खोली आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. अप्पांनी सगळं आयुष्य बस चालवली. मी ज्या गाड्यांचे सुटे भाग सांभाळतो, तसल्या गाड्या ते घाटातून, धुक्यातून न्यायचे. आता ऐंशी उलटली, पण घरातला सकाळचा चहा त्यांनीच करायचा हा कायदा. आम्ही उठायच्या आत ते स्वयंपाकघरात जायचे आणि माझ्या आणि बायकोच्या हातात कप आणून द्यायचे. चहा इतका गोड असायचा की चमचा उभा राहावा. पण त्या चहावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा, त्यामुळे आम्ही मुकाट्यानं प्यायचो. डोळ्यांबद्दल विचारलं की म्हणायचे, "दिसतंय रे सगळं. तुझं टक्कल तर इथून दिसतं." टक्कल खरोखरच असल्यामुळे मी पुढे विचारत नसे.

थंडी सरली, उन्हं तापायला लागली, आम्ही खिडक्या उघडल्या आणि त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई माझ्याहून मोठी, दुसऱ्या शहरात राहते, दहाव्या मजल्यावर. तिच्या घरात टाचणीलासुद्धा ठरलेली जागा आहे.

"मी रविवारी येतेय," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुझ्या त्या भंगारात माझा गुडघा फुटला. अप्पांचं वय काय आणि ते घर काय! या खेपेला तसंच दिसलं तर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाणार. आधीच सांगून ठेवते."

फोन मोठ्या आवाजात होता. अप्पांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तिच्याकडे चहा कोण करतं?"

"बाई येते कामाला. ती करते."

"अस्सं," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

ताई बोलते ते करते. अप्पांना जायचं नव्हतं हे मला त्या 'अस्सं'वरून कळलं. आणि मलाही त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. ते गेले असते तर या घरात मला 'गाढवा' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नसतं आणि ते मला सहन झालं नसतं. मी ठरवलं, रविवारच्या आत शाखा क्रमांक दोन बंद.

मी रजा टाकली. मोबाईलवर एका बाईंचा घर आवरण्याचा व्हिडिओ पाहिला. त्या बाईंमागची भिंत इतकी रिकामी होती की मला त्यांची काळजीच वाटली. पण त्यांचा नियम सोपा होता. वर्षभरात ज्या वस्तूला कुणाचा हात लागला नाही, ती घराबाहेर. स्टोअरकीपरला नियम मिळाला की तो साहेबांचंही ऐकत नाही. मी कंबर कसली.

"या खुर्चीवर वर्षात कुणी बसलंय?" मी बायकोला विचारलं.

"अहो, बसलं असतं तर पडलं असतं."

खुर्ची बाहेर. ट्रंक उघडणं शक्यच नव्हतं, ती बाहेर. गठ्ठे बाहेर, तो लेख न वाचताच. अप्पा आतून विचारत होते.

"काय काढलंस रे?"

"ट्रंक."

"बरं."

"खुर्ची."

"बरं."

"वॉशिंग मशीन."

आतून पलंग करकरला. मग म्हणाले, "ते पण?"

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकतो वस्तूंत. भंगारवाला सगळं टेम्पोत घालून घेऊन गेला. संध्याकाळी खोली इतकी मोकळी झाली की मी बोललो तर आवाज घुमायला लागला. उरलेलं फर्निचर मी वेगवेगळ्या भिंतींना लावून टाकलं, मधली फरशी धुऊन काढली आणि फोटो काढून ताईला पाठवला. ताईनं उत्तरादाखल शाबासकीचा अंगठा पाठवला. ताईचा अंगठा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. झोपेपर्यंत मी तो अधूनमधून काढून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला नाही.

अप्पा पलंगावर बसून होते. "कंटाळा आला आज," म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाले, "पाय धरलाय जरा." मोरी त्यांच्या खोलीला लागूनच होती, तेवढीच त्यांची हालचाल. जेवणसुद्धा आतच मागवायला लागले.

"रुसलेत," बायको म्हणाली. "तुम्ही त्यांची ट्रंक टाकलीत."

"ती ट्रंक माझी होती!"

"मग तुम्ही का नाही रुसलात?"

मी अप्पांच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्यांना समजावलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसला तो देखावा. ज्या माणसानं फुटक्या बादल्यांचे कान जपून ठेवले होते, तो माणूस ऐंशी वर्षांच्या बापाला सांगत होता, "अप्पा, वस्तूंचा मोह धरू नये. मोकळं झालं की मन कसं प्रसन्न होतं."

"हो, महाराज," अप्पा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

रविवारी ताई येणार, अप्पांना अंथरुणावर पाहणार आणि उचलून घेऊन जाणार. मी घर आवरून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, फक्त तो कसा पडला ते मला कळत नव्हतं.

शनिवारी कामावर गेलो. दुपारी जेवून खिडकीशी येऊन बसलो आणि वर्कशॉपचे दिवे गेले. माल द्यायची ती खिडकी सोडली तर स्टोअरला उजेडाची वाट नाही, आत काळोख. तेवढ्यात एक मेकॅनिक बेअरिंग मागायला आला.

"नाहीये," मी म्हटलं आणि उठलो.

"टॉर्च देऊ का?"

"टॉर्च? मला?" मी हसलो आणि रुबाबात आत शिरलो.

दोन रॅक ओलांडले आणि गुडघा कशावर तरी आपटला. हात पुढे केला तर रॅक असायला हवा तिथे नुसती हवा. वळलो तर दुसरंच काहीतरी कपाळाला लागलं. ज्या जागेत मी अर्धं आयुष्य काढलं, तिथे मला दार कुठल्या बाजूला आहे ते कळेना. मी ओरडलो, "कुणी हलवलं रे इथलं?"

"सकाळी नवा माल आला ना, साहेब," बाहेरून मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा आम्ही जरा आवरून घेतलं. मोकळं झालंय ना मस्त?"

मी तिथेच खोक्यावर बसलो. ट्रंक, खुर्ची, गठ्ठे, मशीन. 'ते पण?' मला सगळं एकदम कळलं. साहेबांना डोकं दुखतंय सांगितलं, ते खोटंही नव्हतं, आणि वर्कशॉपची टोपी न काढताच घर गाठलं.

अप्पा पलंगावर होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"अप्पा, खरं सांगा. तुम्हाला दिसतं किती?"

"दिसतंय रे सगळं. तुझं टक्कल दिसतंय ना."

"मी टोपी घातलीये, अप्पा."

त्यांनी हात पुढे केला, माझ्या डोक्यावरची टोपी चाचपली आणि हात खाली घेतला.

"उजेड कळतो," मग ते म्हणाले. "समोर कुणी हललं तर कळतं. गाढवा, ताईला सांगू नकोस हं. ती इथे एक दिवस ठेवायची नाही मला."

"आणि चहा कसा आणायचात?"

"त्यात काय? दारातून निघालं की ट्रंक. मग खुर्ची. मग तुझे ते गठ्ठे. मग मशीन. मशीनवर हात ठेवला की उजवीकडे वळायचं, समोर ओटा. रूट पाठ होता. आता तू सगळे स्टॉपच उचललेस, गाडी नेऊ कुठे?"

वर्षभर कुणाचा हात लागला नाही म्हणून ज्या वस्तू मी काढल्या, त्यांना रोज सकाळी हात लागत होता आणि एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं. मला रडू आलं. अप्पांना दिसणार नाही म्हणून मी तोंडही लपवलं नाही, पण नाक ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकलाच. "सर्दी झालीये वाटतं," म्हणाले.

बायकोला घेऊन मी भंगारवाल्याकडे पळालो. तो म्हणाला, "साहेब, लोक इथे टाकायला येतात हो." ट्रंक मिळाली, खुर्ची मिळाली. आमचे गठ्ठे ओळखू येईनात, मग दुसऱ्या कुणाचे तरी घेतले. वॉशिंग मशीन मात्र त्यानं खोलून विकून टाकलं होतं.

"मोटर चांगली होती," तो म्हणाला.

"मी हेच सांगत होतो इतकी वर्षं!" मी बायकोला म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रंक एकट्यानं उचलली.

घरी मी ओढणीनं डोळे बांधून घेतले, म्हणजे वस्तू नेमक्या कुठे हव्यात ते कळेल. निघालो स्वयंपाकघराकडे आणि पोहोचलो जिन्याच्या दारात. शेवटी अप्पाच उठले आणि एकेका वस्तूवर हात ठेवून ती जागेवर लावून घ्यायला लागले. "खुर्ची एक हात पुढे. गठ्ठा डावीकडे. हां." मशीनच्या जागी स्टूल ठेवून पाहिलं, ते बुटकं पडलं, अप्पांचा हात त्याच्या वरून जायचा. टेबल फार रुंद पडलं. उद्या सकाळी काहीतरी बघू म्हणून ते तसंच राहिलं.

सकाळी बघायच्या आतच ताई दारात उभी होती, सोबत कमरेएवढी चाकांची बॅग.

"काय रे हे?" दारातच तिचा आवाज चढला. "फोटोत तर सगळं लख्ख होतं! पुन्हा आणून मांडलंस? अप्पांची बॅग भर आत्ताच्या आत्ता."

अप्पा त्यांच्या खोलीच्या दारात आले. "आलीस? बस. चहा आणतो."

"अप्पा, मी करते ना," बायको म्हणाली.

"बसा सगळे."

आम्ही बसलो. अप्पा निघाले. हात ट्रंकेवर आला, मग खुर्चीच्या पाठीवर, मग गठ्ठ्यावर. पाठ ताठ, चाल पहिल्यासारखी, पाहणाऱ्याला काही कळू नये अशी. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि हात पुढे केला. तिथे काही नव्हतं. हात जरा खाली गेला, डावीकडे गेला, बोटं उघडली, मिटली. अप्पा उभे राहिले.

ताई त्या हाताकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तिथलं मशीन नाहीये," मी म्हणालो. या वेळी ते खरोखरच नव्हतं.

ती उठली, आपली बॅग ढकलत घेऊन गेली आणि अप्पांच्या हाताखाली उभी केली. अप्पांनी तळवा टेकवला, कडा चाचपल्या.

"ही कुणाची?"

"माझी, अप्पा. इथे असली तर चालेल?"

"थोडी डावीकडे घे."

तिनं घेतली. अप्पा उजवीकडे वळले आणि ओट्यापाशी गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. ताई माझ्या शेजारी येऊन बसली, पदर डोळ्यांना लावला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "गाढवा, मला सांगायचं नाहीस?" म्हणजे मला गाढव म्हणणारी घरात दोन माणसं होती, हे मी विसरलोच होतो.

चहा आला. नेहमीसारखाच गोड. ताईला साखर वर्ज्य आहे, पण तिनं कप संपवला आणि आणखी अर्धा मागितला.

दोन दिवसांनी ती परत गेली तेव्हा तिचे कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत होते. बॅगेत आता ते दुसऱ्याच कुणाचे तरी गठ्ठे भरलेले आहेत, वजनाला. ती सरकू नये म्हणून मी तिची चाकं काढून घेतली. स्टोअरकीपरच मी, स्क्रूसकट डबीत घालून कपाटात ठेवली. ज्या दिवशी ती बॅग तिथून हलवायला हरकत नसेल, त्या दिवशी ती लागतील. इतक्या वर्षांत मी कितीतरी वस्तू 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवल्या. ही चाकं मात्र कधीच लागू नयेत असं मला वाटतं.