स्टेशनमास्तरची मुलगी

परवा खुर्चीचा निखळलेला हात चिकटवताना गोंदाचा वास आला आणि अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या शेजारच्या जर्मन आजोबांचं बेसमेंट आठवलं. काही वर्षांपूर्वी आजी, म्हणजे त्यांची बायको, वारल्या, त्या आठवड्यात मी त्यांना मुगाची खिचडी द्यायला गेले होते. डबा तसाच ओट्यावर ठेवून त्यांनी मला खाली नेलं. टेबलावर जर्मनीतल्या त्यांच्या गावच्या रेल्वे स्टेशनचं लाकडी मॉडेल होतं. आजींचे वडील तिथले स्टेशनमास्तर, आणि सगळं कुटुंब स्टेशनच्याच वरच्या मजल्यावर राहायचं. आजोबा त्याच्या छपराला गोंद लावत एकसुरी आवाजात सांगत गेले: युद्धात बॉम्ब पडून वेटिंग रूम गेली, मग ती पत्र्याची बांधली, पुढे गाड्याच बंद झाल्या, आता तिथे दातांचा दवाखाना आहे. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर चालू होती. मग वरच्या खिडक्यांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "यातली तिच्या खोलीची कुठली, तुला कधी बोलली होती का ती? मी विचारीन विचारीन म्हणत राहिलो." मी म्हटलं, "नाही हो." ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा छपराला गोंद लावू लागले. रडलं कोणीच नाही. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कसे आहेत?" "ठीक आहेत," म्हणत मी ऑफिसची मीटिंग जॉइन केली. हल्ली नागपूरला फोन केला की मी आईला मधेच विचारते, लहानपणी तू घरात कुठे झोपायचीस, शाळेत कुठल्या रस्त्याने जायचीस. "आज काय हे नवीनच?" ती म्हणते. "असंच गं," मी म्हणते, आणि ती सांगू लागते.