थंडोबाचा सिलिंडर

एसी दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला दुकानात सगळे थंडोबा म्हणत. एक तर धंदा थंडाव्याचा, आणि दुसरं कारण स्वभाव. एक स्क्रू काढला की तो डबीत टाकणार, झाकण लावणार, मगच दुसऱ्याला हात घालणार. सव्वीस वर्षं त्याने असंच काम केलं, आणि त्याच्या हातून कुणाच्या भिंतीचा टवकासुद्धा उडाला नाही.

जुना एसी उतरवताना त्यातला गॅस आधी काढावा लागतो. थंडोबा व्हॉल्व्ह सैल करी, फुस्स आवाज होई, आणि काही मिनिटांत मशीन रिकामं. त्याला तो आवाज आवडायचा. एरवी रेंगाळणाऱ्या त्याच्या कामात तेवढं एकच झटपट होत असे.

मग एके दिवशी मालकाने त्याला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हा गॅस दिसत नाही, पण वर जाऊन उष्णता अडवून धरतो. एका एसीतला गॅस सोडणं म्हणजे हजारो किलोमीटर मोटार पळवण्यासारखं आहे. यंत्राने तो सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा."

थंडोबाने हात वर केला. "आणि आजवर सोडलेला?"

"तो गेला," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

थंडोबा मात्र तिथेच अडकला. जन्मभर लोकांच्या खोल्या गार केल्या, असं तो समजत होता. मग बाहेरचं एवढं तापवलं ते कुणी? घरी येताना तो चुकीच्या बसमध्ये बसला, आणि ते चार थांबे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गॅस साठवायला सुरुवात केली. प्रत्येक कामाला अर्धा तास जास्त लागू लागला. गिऱ्हाइकं घड्याळाकडे बघत. मालक म्हणाला, "थंडोबा, तू तर आता पार गोठलास." दोन महिन्यांत सिलिंडर भरत आला. प्रशिक्षणात दिलेल्या कागदावर संकलन केंद्राचा नंबर होता. थंडोबाने फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "केंद्र अजून सुरू व्हायचंय. सिलिंडर सावलीत ठेवा."

दुकानात सावली तेवढी मालकाच्या खुर्चीवर होती. मग सिलिंडर घरी आला, आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली बसला.

"अहो, हे पाहुणे किती दिवस आहेत?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही."

"मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, तेव्हा हसायचात ना?"

थंडोबाने सिलिंडरवरची चादर सारखी केली. पिशव्या निदान हलक्या होत्या.

कुणीतरी सांगितलं, की बर्फाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गॅस गाळायचं यंत्र आहे. थंडोबा रिक्षाने सिलिंडर घेऊन तिकडे गेला. म्हाताऱ्याने मीटर लावलं, काटा बघितला, मग थंडोबाकडे बघितलं.

"यात काय काय भरलंयस?"

"जुन्या मशीनचा गॅस, नव्या मशीनचा गॅस. जे मिळेल ते."

"एकातच?"

"एकातच."

म्हाताऱ्याने पाना खाली ठेवला. "भेसळ झाली रे. वेगळा ठेवला असतास, तर गाळून पुन्हा वापरला असता. हा आता कुठल्याच मशीनला चालणार नाही. जाळायला खास भट्टी लागते, ती इकडे नाही."

"मग सोडून देऊ?"

"असं मी म्हटलं नाही."

"मग ठेवू?"

"असंही मी म्हटलं नाही."

थंडोबाने मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सोडू नका. पण कुठे द्यायचा, ते मलाही माहीत नाही. खरं सांगू? त्या वर्गातून फोन करणारे तुम्ही पहिलेच." यावर खूश व्हावं की रडावं, ते थंडोबाला कळेना. त्याने आणखी दोन रिकामे सिलिंडर आणले. आता एकात जुना, एकात नवा. भेसळीचा मात्र चादरीखालीच राहिला.

तेवढ्यात मुलगी राहायला आली. सातवा महिना आणि बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन. थंडोबाच्या घरात एसी नव्हता, कधी गरजच वाटली नव्हती. "बाबा," मुलगी म्हणाली, "साऱ्या गावाला लावून देता."

त्याने चार दिवस नुसता विचार केला. एसी लावावा, तर बाहेर आणखी गरम. न लावावा, तर पोरगी घामाने निथळतेय. "तुमचं ठरेपर्यंत," बायको म्हणाली, "बाळ शाळेत जायला लागेल."

पाचव्या दिवशी त्याने एसी लावला. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड चार-चार वेळा तपासला. कुठेच बुडबुडा आला नाही. मुलगी दुपारभर गाढ झोपली. तिला बघून थंडोबाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून अपराधीही वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू त्यांच्या बाल्कनीतून म्हणाल्या, "तुमची गरम हवा आमच्या झाडांवर येतेय. पानं बघा कशी माना टाकून बसलीत."

थंडोबा ओशाळला. "काकू, एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर नेता येईल. पण पाईप लांबला की गॅस जास्त लागतो, वीजही जास्त खाणार."

"मग चांगलं काय?"

"तेच तर समजत नाही हो."

काकूंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा माणूस सबबी सांगत नव्हता, खरंच गोंधळला होता. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "लेकीचं बाळंतपण होऊ दे, मग बघू. तोवर कुंड्या पलीकडच्या खिडकीत नेऊ. पण मला काही त्या उचलवत नाहीत."

थंडोबाने चपला काढल्या आणि काकूंच्या घरात शिरला. अकरा कुंड्या होत्या. त्याने एकेक उचलून नेली. प्रत्येक कुंडी ठेवल्यावर ऊन कुठून येतं ते बघितलं, ती वीतभर सरकवली, आणि मगच दुसरीकडे वळला.